चक्कर येते म्हणून नाकाचे ऑपरेशन करण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या आरोग्य सदरांत एक प्रश्न वरचेवर येतो. नाकात पॉलिप निघाले आहेत, कानाला दडा बसतो, मधूनच गरगरते. हे सगळे सायनसचेच ना? उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असे मिळते आणि विषय तिथेच मिटतो. या उत्तराचा निम्मा भाग बरोबर आहे, निम्मा घातक. पॉलिप कानाला त्रास देऊ शकतात आणि कसे देतात हे नीट सांगताही येते. पण गरगरणारी चक्कर पॉलिपमुळे आली असे फार क्वचित निघते, आणि ते आधीच गृहीत धरले की खऱ्या आजाराचा शोध थांबतो. कान-नाक-घसा आणि श्रवण-तोल या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही जण हे थोडे विस्ताराने मांडत आहोत. जागा द्यावी, ही विनंती.

नाकाच्या आणि सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांच्या, आतल्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहिली की ते पाणी धरते आणि खाली लोंबू लागते. साल काढलेल्या द्राक्षासारखा दिसणारा हा फिकट, राखाडी, मऊ गोळा म्हणजे पॉलिप. बहुतेकदा तो दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉइड सायनसांतून उतरतो आणि दोन्ही नाकपुड्यांत असतो. तो कर्करोग नव्हे. त्याला स्पर्श कळत नाही आणि तो सहसा दुखतही नाही. बारा आठवड्यांहून अधिक काळ नाक चोंदलेले राहणे, घशात मागून चिकट स्राव उतरणे आणि मुख्य म्हणजे वास न येणे, ही त्याची लक्षणे. वास जाणे ही यातली सर्वांत बोलकी खूण आहे. ज्याला वास उत्तम येतो, नाक मोकळे आहे, पण कपाळ ठणकते, त्याच्या डोकेदुखीचे खापर पॉलिपवर फोडण्यात अर्थ नसतो.

आरशात डोकावल्यावर नाकपुडीत दिसणारा गुलाबी मांसल फुगवटा मात्र बहुधा पॉलिप नसतो. तो टर्बिनेट, म्हणजे प्रत्येकाच्या नाकात असणारा नैसर्गिक भाग. तो स्पर्शाला दुखतो आणि नाक मोकळे करणारे थेंब टाकले की आकसतो. पॉलिप आकसत नाही. ‘नाकात मांस वाढले आहे’ असे कोणी सांगितले, तर या दोघांतले नेमके काय वाढले आहे हे विचारावे. नाकाच्या दुर्बिणीने तपासल्यावर ते लगेच कळते.

आता कानाकडे वळू. नाकाच्या मागे, मऊ टाळूच्या वरच्या पोकळीत, दोन्ही बाजूंना युस्टेशियन नळीचे तोंड असते. मोठ्या माणसात ही नळी सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची असते आणि ती कानाच्या पडद्यामागच्या मध्यकर्णापर्यंत जाते. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा स्नायू तिला क्षणभर उघडतो आणि मध्यकर्णात ताजी हवा जाते. मध्यकर्णाचे अस्तर आतली हवा सतत थोडी थोडी शोषून घेत असते. नळी उघडेनाशी झाली की आत दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो आणि दडा बसतो. ही स्थिती लांबली तर अस्तरातून पाझरलेले पाणी साचते. ते पुढे घट्टही होते. माणसाला आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, गिळताना कानात टक् असा आवाज होतो.

पॉलिप या नळीला दोन-तीन तऱ्हांनी अडवतात. मोठा पॉलिप मागे सरकून नळीच्या तोंडावरच बसतो, हे तुलनेने कमी घडते. जास्त वेळा ज्या सुजेने पॉलिप झाले तीच सूज नळीच्या अस्तरातही असते, आणि सायनसमधून येणारा चिकट स्राव नेमका तिच्या तोंडावरून खाली जातो. शिवाय नाक पूर्ण बंद असताना गिळले की नाकामागच्या पोकळीतला दाब वरखाली होतो आणि कानातली हवा ओढली जाते. नाक चिमटीत धरून आवंढा गिळून पाहा, कानात लगेच जाणवेल. ज्याचे नाक चोवीस तास चोंदलेले असते, त्याच्या कानावर हा प्रयोग दिवसभर चालू असतो.

दमा आणि पॉलिप दोन्ही असलेल्या काही रुग्णांत एक वेगळाच प्रकार आढळतो. मध्यकर्णात डिंकासारखा चिवट, पिवळसर स्राव भरतो आणि त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी खच्चून असतात. याला इओसिनोफिलिक ओटायटिस मीडिया म्हणतात. साधे कान वाहणे समजून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स दिले तरी हा हटत नाही. पडद्यात ग्रोमेट, म्हणजे हवा जाण्यासाठीची बारीक नळी, बसवले तर तेही त्या चिकट स्रावाने बुजते. याला स्टेरॉइडचा उपचार लागतो. शिवाय हा आजार अंतःकर्णापर्यंत पोहोचून कायमचा बहिरेपणा आणू शकतो, म्हणून अशा रुग्णाची श्रवणचाचणी ठरावीक अंतराने होत राहिली पाहिजे. दमा, पॉलिप आणि वाहायचा न थांबणारा कान ही तिन्ही एका माणसात दिसली की हे नाव डॉक्टरांपुढे काढायला संकोच करू नये.

एकाच बाजूच्या तक्रारीबद्दल आम्ही मुद्दाम बजावतो. पॉलिप सहसा दोन्ही बाजूंना असतात. एकाच नाकपुडीत गाठ असेल, त्यातून रक्त येत असेल, तर स्कॅन आणि गरजेप्रमाणे तुकडा तपासल्याशिवाय तिला पॉलिप म्हणू नये. तरुण वयात एका बाजूला गालाच्या सायनसमधून निघून मागे घशाकडे उतरणारा अँट्रोकोअॅनल पॉलिप असू शकतो. त्यावर स्प्रे फारसा चालत नाही, तो मुळासकट काढावा लागतो. किशोरवयीन मुलाच्या नाकातून वारंवार घोळणा फुटत असेल, तर स्कॅनआधी गाठीचा तुकडा काढणे धोक्याचे आहे, कारण ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. लहान मुलाच्या दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप दिसले, तर सिस्टिक फायब्रोसिस या शरीरातले स्राव घट्ट करणाऱ्या जन्मजात आजारासाठी घामाची चाचणी करावी. आणि प्रौढ माणसाच्या एकाच कानात, सर्दीपडसे नसताना पाणी साचले व टिकून राहिले, तर नाकामागची पोकळी दुर्बिणीने पाहिलीच पाहिजे. तिथला कर्करोग कधी कधी केवळ याच लक्षणाने पुढे येतो.

चक्करेचा हिशेब वेगळा आहे. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्या अंतःकर्णात, कवटीच्या अत्यंत टणक हाडात बसलेल्या असतात. सायनसमध्ये तोलाची जाणीव करून देणारे काहीही नाही. एकोणिसाव्या शतकात चक्कर म्हणजे मेंदूत रक्त चढणे अशी समजूत होती. १८६१ साली पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनिएर यांनी तिचे मूळ अंतःकर्णात असू शकते हे मांडले. तेव्हा जो दोष मेंदूतल्या रक्ताला दिला जाई, तो आज सायनसला दिला जातो.

मग नाकाकडून चक्कर येतच नाही का? थोडी येऊ शकते. मध्यकर्णातला दाब बिघडला की डोके जड वाटते, पाऊल किंचित अनिश्चित पडते. विमान चढताना किंवा खोल पाण्यात बुडी मारलेला माणूस वर येताना दोन कानांतला दाब असमान झाला, तर काही क्षण गरगरते. कानात पाणी साचलेली लहान मुले चालताना धडपडतात. एक मार्ग मात्र गंभीर आहे. वर्षानुवर्षे आत ओढलेल्या पडद्यात खळगा पडतो, त्यात मृत त्वचा साठते आणि कोलेस्टिॲटोमा तयार होतो; तो हाड पोखरत आडव्या अर्धवर्तुळाकार नलिकेपर्यंत जातो. तेव्हा कानाच्या भोकापुढचा कूर्चेचा कोंब दाबला तरी गरगरते आणि कानातून घाण वासाचा स्राव येतो. असा कान वाट पाहण्याचा नसतो, त्यावर शस्त्रक्रिया लागते.

हे सोडले तर चक्करेचे कारण शोधताना सर्वांत उपयोगाचे प्रश्न दोन: किती वेळ टिकते आणि कशाने येते. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर पाहताना एकदम खोली फिरते आणि एका मिनिटाच्या आत थांबते, ती बहुधा बीपीपीव्ही. अंतःकर्णातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरल्याने ती येते. डिक्स-हॉलपाइक चाचणीने, म्हणजे डोके वळवून रुग्णाला झटकन आडवे करून डोळे पाहण्याने, ती ओळखता येते आणि एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, डोके क्रमाने फिरवण्याच्या पद्धतीने बहुतेकांना एक-दोन बैठकींत आराम पडतो. त्यासाठी गोळ्या लागत नाहीत, नाकाच्या ऑपरेशनचा तर प्रश्नच नाही. वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकणारी, सोबत एका कानात गच्चपणा, घोंगावणे आणि कमी-जास्त होणारे ऐकू येणे असेल, तर मेनिएरच्या आजाराचा विचार करावा. इथेच सर्वाधिक घोटाळा होतो, कारण कानातला तो गच्चपणा दड्यासारखाच वाटतो. दिवसच्या दिवस सलग गरगरणे, उलट्या, पण ऐकण्यात फरक नाही, हे तोलाच्या नसेच्या सुजेने होते. आणि उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आडवे व उभे असा रक्तदाब मोजावा आणि चालू असलेल्या गोळ्या तपासाव्यात.

मायग्रेनबद्दल वेगळे लिहावेच लागेल. मायग्रेनमध्ये गाल आणि डोळ्यांभोवती दाब येतो, नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते. त्यामुळे रुग्ण स्वतःच तिला सायनस म्हणतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे सांगणाऱ्या २,९९१ जणांना तपासले, तेव्हा त्यांतल्या ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या प्रकारात बसली. याच मायग्रेनबरोबर पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत टिकणारी चक्करही येते. नाकात पॉलिप आहेत आणि मायग्रेनही आहे, अशी माणसे पुष्कळ असतात. पॉलिपवर उपचार करून नाक मोकळे होते, चक्कर जशीच्या तशी राहते.

दुसरी फसगत स्कॅनमुळे होते. चक्करेसाठी मेंदूचा एमआरआय काढतात, अहवालाच्या शेवटी ‘सायनसच्या अस्तराला सूज’ किंवा ‘रिटेन्शन सिस्ट’ (स्राव साचून आलेला फुगा) अशी ओळ असते, आणि कारण सापडले असे वाटते. अशी सूज कोणतीही तक्रार नसलेल्या असंख्य लोकांच्या स्कॅनमध्येही दिसते. तेवढ्या एका ओळीवर उपचार सुरू करू नयेत.

सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते अचानक येणाऱ्या बहिरेपणाबद्दल. एका सकाळी एक कान बंद वाटतो, कधी सोबत चक्कर असते. सर्दी आहे, पॉलिप आहेत, म्हणून माणूस वाफ घेत आणि थेंब घालत दोन-तीन आठवडे काढतो. हा दडा नसून अंतःकर्णाचा झटका असेल, तर स्टेरॉइड उपचाराचा खरा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत असतो आणि जितका लवकर तितका अधिक. घरी एक खूण पाहता येते. तोंड मिटून ‘हंऽऽ’ असा आवाज काढावा. बंद वाटणाऱ्या कानात तो मोठा ऐकू आला, तर दोष बहुधा मध्यकर्णाचा किंवा मळाचा असतो. चांगल्या कानाकडे ऐकू आला, तर अंतःकर्णाची शंका धरावी आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी श्रवणचाचणी करून घ्यावी. खूण चांगली निघाली तरी चाचणी टाळू नये.

चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, दोन-दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे किंवा आधाराशिवाय उभेच राहता न येणे यांपैकी काही असेल, तर तडक रुग्णालय गाठावे. तो अर्धांगाचा झटका असू शकतो.

आता पॉलिपच्या उपचाराबद्दल, कारण तिथे चुका साध्या असतात आणि टाळता येतात. पाया दोन गोष्टींचा: नाक धुणे आणि स्टेरॉइडचा स्प्रे. पाव लिटर पाण्यात सपाट अर्धा चहाचा चमचा, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम, आयोडीन नसलेले मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. मीठ कमी पडले की नाक चुरचुरते. साधे पाणी म्हणूनच झोंबते. पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळून कोमट केलेले किंवा डिस्टिल्ड असावे. नळाचे कच्चे पाणी नाकात घेऊ नये, कारण त्यातून नेग्लेरिया नावाचा अमीबा मेंदूपर्यंत पोहोचल्याच्या, विरळ पण प्राणघातक, घटना नोंदल्या आहेत. पुढे वाकावे, डोके थोडे कलते करावे, तोंडाने श्वास घेत बाटली हलके दाबावी. धुताना गिळू नये आणि जोर लावू नये. नाहीतर पाणी नळीतून कानात चढते आणि कान दुखू लागतो. धुऊन झाल्यावर एका वेळी एकच नाकपुडी, हळू शिंकरावी. दोन्ही दाबून जोरात शिंकरणाऱ्याचा दडा वाढतो. बाटली रोज धुऊन कोरडी ठेवावी.

दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे. मोमेटासोन, फ्लुटिकासोन, बुडेसोनाइड ही यातली नेहमीची नावे. बाटली हलवावी, मान किंचित खाली झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्यासाठी उजवा हात वापरावा. म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या रोखाने जाते. टोक मधल्या पडद्याकडे राहिले की औषध तिथेच बसते, पडदा सुकतो आणि रक्त येते. मग स्प्रे सोसत नाही म्हणून लोक तो बंद करतात. मारल्यावर जोरात ओढू नये, औषध घशात जाते. दोन दिवसांत फरक पडत नाही. पॉलिपवर परिणाम जोखायला रोज, न चुकता आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. या स्प्रेंची सवय लागत नाही आणि मोमेटासोन-फ्लुटिकासोन शरीरात अगदी नगण्य शोषले जातात. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

सवय लागते ती झटपट नाक उघडणाऱ्या ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनच्या थेंबांची. पाच दिवसांपलीकडे ते वापरले की थेंब उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते. थेंब आणि स्टेरॉइड स्प्रे यांच्या बाटल्या दिसायला सारख्या असतात, म्हणून नाव वाचूनच घ्यावे.

तोंडाने घेण्याच्या स्टेरॉइड गोळ्यांनी पॉलिप झपाट्याने आकसतात आणि वासही परत येतो. म्हणूनच जुनी चिठ्ठी दाखवून त्या पुन्हा आणण्याचा मोह होतो. वर्षातून एक-दोन छोटे कोर्स, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ही मर्यादा. त्यापुढे साखर, रक्तदाब, हाडे, मोतीबिंदू आणि खुब्याचे हाड निकामी होणे ही किंमत मोजावी लागते. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळीनंतर तीनेक तासांत दम लागणे हे त्रिकूट असलेल्या रुग्णांत पॉलिप लवकर आणि पुन्हा पुन्हा येतात. त्यांनी दातांच्या डॉक्टरांनाही हे सांगितले पाहिजे.

दुर्बिणीचे ऑपरेशन चांगले आहे. त्याने सायनसची दारे उघडतात आणि स्प्रे व पाणी आत पोहोचू लागते. पण सुजेची प्रवृत्ती ऑपरेशनने जात नाही. धुणे आणि स्प्रे बंद केले की पॉलिप परततात. ऑपरेशननंतर एका नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ, खारट थेंब गळत राहिला, डोळा सुजला किंवा दोन दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ऑपरेशन आणि स्प्रे करूनही ज्यांचे पॉलिप परत येतात, त्यांच्यासाठी आता इंजेक्शने आहेत. डुपिलुमॅबला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये पॉलिपसाठी मान्यता दिली. ते त्वचेखाली दर दोन आठवड्यांनी घ्यावे लागते आणि थांबवल्यावर परिणाम ओसरू शकतो.

चक्करेच्या गोळ्यांबद्दलही लिहितो. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस उलट्या थांबवायला ठीक. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदू बिघडलेल्या तोलाशी जुळवून घ्यायला वेळ लावतो, आणि वयस्कर माणसात हातांचा कंप, चालण्यातला जडपणा असा पार्किन्सनसारखा त्रास उद्‌भवतो. सर्दीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्याही डोके हलके करतात. ती चक्कर मग सायनसच्या खात्यावर जमा होते.

पॉलिप आणि चक्कर दोन्ही असणाऱ्याने ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावे की हे ऑपरेशन नाक, वास आणि दडा यांसाठी आहे की चक्करेसाठीही. चक्करेसाठी असे उत्तर मिळाले, तर श्रवणचाचणी, टिम्पॅनोमेट्री (मध्यकर्णातला दाब तपासणारी चाचणी) आणि डिक्स-हॉलपाइक झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. टिम्पॅनोमेट्रीचा आलेख दोन्ही कानांत व्यवस्थित असेल, तर मध्यकर्णात दाब किंवा पाणी नाही आणि नाकातून कानाकडे जाणारा तो मार्ग या चक्करेपुरता जवळपास निकालात निघतो. तपासणीला जाताना प्रत्येक झटक्याची तारीख, किती वेळ टिकला, कशाने आला आणि तेव्हा कानात काय जाणवले, हे लिहून न्यावे. शक्य असेल तर झटका चालू असताना घरच्या कोणी मोबाइलवर उजेडात डोळ्यांचा अर्ध्या मिनिटाचा जवळून व्हिडिओ घ्यावा. बुबुळे कोणत्या दिशेने थरथरतात यावरून चक्करेचा बराचसा उलगडा होतो, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती थरथर बहुधा थांबलेली असते.

आपले,
कान-नाक-घसा विकार आणि श्रवण-तोल तपासणी या क्षेत्रांतील काही डॉक्टर व श्रवणतज्ज्ञ